पेन्शनसाठी नोकरी धरून बसायची का? आधी पेन्शन कुठली ते बघा

आमच्या आक्काचा पोरगा बेळगावात उद्यमबागला एका फाउंड्रीत आहे, आठ वर्षं सात महिने झाले. आता बॉर्डरपलीकडं महाराष्ट्रातल्या कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीतनं बोलावणं आलंय, महिन्याला सहा हजार जास्त देतो म्हणायलेत. आक्काचं एकच, "सोडू नको रे बाबा, पेन्शन जाईल." पोरगा मला विचारायलाय, मामा काय करू. त्याच आठवड्यात तहसील ऑफिसातला माझा एक दोस्त चहा पिताना बोलला की कंटाळा आलाय पण पेन्शनसाठी बसलोय. आणि आमचे थोरले अण्णा, सरकारी शाळेत मास्तर, ते तर 2003 पासनं हेच म्हणतात. तिघांचा शब्द एकच, पण तिघांच्या हातात पडणारी वस्तू एकदम वेगळी आहे, आणि निम्मा घोळ इथंच होतो.

अण्णांचं आधी सांगतो कारण सोपं आहे. कर्नाटकात 1 एप्रिल 2006 च्या आधी जे सरकारी नोकरीत लागले त्यांना जुनी पेन्शन. सेवा पूर्ण भरली की शेवटच्या पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता, तो वाढला की पेन्शनपण वाढते, आणि माणूस गेल्यावर बायकोला फॅमिली पेन्शन. ही पेन्शन त्या नोकरीलाच चिकटलेली असते. नुसता राजीनामा दिला तर मागची सगळी सर्व्हिस पाण्यात, त्यामुळं बाहेर पडायचंच असेल तर स्वेच्छानिवृत्तीच्या नियमात बसतंय का ते बघूनच कागद द्यायचा, रागानं नव्हे. अण्णांना एका क्लासवाल्यानं चांगला आकडा सांगितला होता, मी सरळ म्हटलं, बसा गप.

मिलिटरीतल्या पोरांचंपण असंच. बेळगाव-खानापूर तालुक्यात घरटी एक माणूस मराठा लाइट इन्फंट्रीत, त्यामुळं हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, जवानाला पेन्शनला 15 वर्षं लागतात. तेराव्या वर्षी कंटाळलेल्याला एवढंच सांगायचं की दोन वर्षं दात-ओठ खाऊन काढ. अग्निवीर झालेल्याला मात्र हा हिशोब लागूच नाही, चार वर्षांत बाहेर पडला तर पेन्शन नाही.

तहसीलवाला दोस्त 2010 ला लागलेला, म्हणजे एनपीएस, नवी पेन्शन. ह्यात पेन्शन ठरलेली नसते, पगारातनं कापलेले आणि सरकारनं घातलेले पैसे बाजारात वाढत जातात, 60 व्या वर्षी 60 टक्के हातात आणि 40 टक्क्यांची अ‍ॅन्युइटी घ्यावी लागते, म्हणजे ते पैसे विमा कंपनीकडं देऊन महिन्याची पेन्शन विकत घ्यायची, त्यातनं महिन्याला काय येईल ते येईल, महागाई भत्ता वगैरे काही नाही. मधेच सोडून सगळे पैसे मागितले तर उलटं, 80 टक्के अ‍ॅन्युइटीत जातात आणि फक्त 20 टक्के हातात. पण मागायलाच पाहिजे असं कुठं आहे? प्रान नंबर, म्हणजे एनपीएसचा खाते नंबर, तोच ठेवून पुढच्या नोकरीत किंवा स्वतःचं स्वतः भरत राहता येतं. म्हणजे सोडलं तर सरकारचा पुढचा हप्ता बंद, पण साठलेलं बुडत नाही. हा दोस्त खरा थांबलाय तो जुनी पेन्शन परत येईल ह्या आशेवर. जानेवारी 2024 मध्ये सरकारनं सुमारे 13,000 जणांना ती दिली खरी, पण ते कोण, तर ज्यांच्या भरतीची जाहिरात 2006 च्या त्या तारखेआधी निघालेली आणि रुजू व्हायला नंतर लागले ते. हा त्यात बसत नाही. अफवेवर दहा वर्षं काढायची असतील तर काढ म्हटलं, रागावला.

आता भाच्याचं, कारण आपल्याकडं जास्ती पोरं ह्याच खात्यातली. फाउंड्री, मशीन शॉप, साखर कारखाना, सगळीकडं ईपीएस-95, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन योजना. मालकाच्या पीएफच्या वाट्यातला 8.33 टक्के पेन्शनला जातो, तोपण जास्तीत जास्त 15,000 पगारावर, म्हणजे महिन्याला 1,250. भाच्याचा बेसिक 18,000 आहे तरी पेन्शनला 15,000 च धरणार. फॉर्म्युला असा, पेन्शनचा पगार गुणिले सर्व्हिसची वर्षं भागिले 70. दहा वर्षं झाली तर 2,143 रुपये. 30 वर्षं झाली तर दोन वर्षं बोनस धरून 32, म्हणजे 6,857. तेही 58 व्या वर्षी सुरू, आणि सुरू झाल्यावर महागाईप्रमाणं वाढत नाही. ह्याच्यासाठी आक्का रडायलीय.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे ही पेन्शन त्या फाउंड्रीची नाहीच. किमान दहा वर्षं लागतात हे खरं, पण ती एकाच मालकाकडं नव्हे, सगळीकडची मिळून. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवून जुनं खातं ट्रान्सफर केलं की साडेआठ वर्षं कागलच्या वर्षांना जोडली जातात. मधली बॉर्डर पीएफला दिसत नाही, ते केंद्राचं आहे, कर्नाटक-महाराष्ट्र काय ते आपण भांडत बसू. पेन्शन खरी जाते ती दुसऱ्याच कारणानं, नोकरी बदलताना पोरं 10 सी नावाचा फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढून घेतात, लग्नाला नाहीतर गाडीला, आणि सर्व्हिस परत शून्यापासनं.

ग्रॅच्युइटीपण, म्हणजे सोडताना मालकाकडनं मिळणारी एकरकमी रक्कम, बुडत नाही. पाच वर्षं कधीच झाली, आणि पहिली दोन वर्षं काँट्रॅक्टरकडची होती तीपण धरली तर, सहा महिन्यांच्या वर गेल्यामुळं नऊ वर्षं होतात, 18,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 9, साधारण 93,000 रुपये. मागून घ्यायचे, मालक स्वतःहून आठवण करत नाहीत.

मग जातंय काय? ईएसआय, कामगारांची सरकारी दवाखान्याची सोय! इथं त्याचा एकूण पगार 20,000 आहे म्हणून बसतो, कागलला 26,000 होणार आणि मर्यादा 21,000 ची. आक्काच्या शुगरच्या गोळ्या, पोराचं दवाखान्याचं, हे आता त्यातनं भागतं, उद्या मेडिक्लेम स्वतः काढावा लागेल. वर खोली आणि मेस. रोज बेळगावहून जाऊन-येऊन जमणार नाही, शिफ्ट ड्युटी आहे. त्या सहा हजारातनं हे सगळं वजा केलं की दीडेक हजार उरतील, बघा. निपाणीतनं जाणाऱ्याला हाच आकडा पूर्ण पडेल, घर सोडावं लागत नाही.

म्हणून भाच्याला दोन कामं लावून दिलीत. एक, पीएफ पासबुक उघडून बघ की ह्या मालकानं सगळे महिने भरलेत का, पहिली दोन वर्षं काँट्रॅक्टरकडं होतास तेव्हाचं काही दिसतंय का. दोन, नाव. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, कन्नडातनं इंग्रजीत गेलेलं आडनाव तिसरंच, आपल्याकडं हे घरोघरी आहे आणि ट्रान्सफर तिथंच अडकते. हे इथं असतानाच दुरुस्त करून घे, सही करणारा मालक समोर आहे तोवर.

काल त्याचा फोन आला, काँट्रॅक्टरची चौदा महिन्यांची एंट्रीच नाही म्हणे. आता आक्का विचारायलीय की ते पैसे कुणाच्या खिशात गेले, आणि कागलवाल्यांना सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय.