आवाज गेला म्हणून "मदरबोर्ड बदलला", बाबांना असं फसवलं

ज्यांच्या घरी जुना डेस्कटॉप आहे आणि तो आईबाबा वापरतात त्यांनी हे नक्की वाचा. आवाज अचानक बंद झाला आणि घरी आलेला टेक्निशियन पाच मिनिटं बघून म्हणाला की मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) गेलाय, सीपीयू दुकानात न्यावा लागेल, तर त्याला तिथेच थांबवा. डबा घराबाहेर जाऊ देऊ नका. आमच्याकडे गेला आणि परत आला तेव्हा त्यातली अर्धी रॅम गायब होती, शिवाय नवीन म्हणून ज्या मदरबोर्डचे पैसे घेतले तो बोर्ड आमचाच जुना निघाला.

आईबाबा डोंबिवलीला असतात, मी पुण्याला. बाबांचा पीसी २०१२ मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला, आय-३ सेकंड जनरेशन प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड. नंतर त्यात ४ जीबीच्या दोन रॅम झाल्या, एसएसडी टाकली, विंडोज १० टाकलं, आणि बाबांच्या कामाला तो अजूनही पुरून उरतो. सोसायटीचे हिशोब एक्सेलमध्ये करायचे आणि संध्याकाळी यूट्यूबवर नाट्यसंगीत लावायचं, एवढंच त्यांचं काम. दिवाळीत जुना मॉनिटर गेला म्हणून नवीन घेतला, डिलिव्हरीवाल्याने जुनी व्हीजीए केबल काढून बॉक्समधली एचडीएमआय लावून दिली आणि तेव्हापासून स्पीकरचा आवाज बंद.

खरं कारण आधीच सांगते म्हणजे पुढची लबाडी नीट कळेल. एचडीएमआयमधून चित्राबरोबर आवाजही जातो. केबल लावली की विंडोजला वाटतं आवाजही आता मॉनिटरमधून काढायचाय आणि बऱ्याच वेळा ते स्वतःहूनच डिफॉल्ट बदलून टाकतं. आता या मॉनिटरला स्पीकरच नाहीत, त्यामुळे गाणं चालू असतं, व्हॉल्यूमचा कांटा वरखाली होत असतो, आणि ऐकू काहीच येत नाही. उपाय काय तर खाली कोपऱ्यात घड्याळाजवळ स्पीकरचं चिन्ह असतं त्यावर क्लिक करायचं, वर डिव्हाइसचं नाव दिसतं, त्याच्या शेजारच्या बाणाने लिस्ट उघडते, तिथे मॉनिटरच्या नावाऐवजी स्पीकर्स निवडायचं. संपलं. एक रुपया लागत नाही.

बाबांनी घरपोच रिपेअरची जाहिरात बघून एकाला बोलावलं, व्हिजिट चार्ज ३००. मुलगा बोलायला गोड, सारखं काका काका. स्पीकरच्या वायरी हलवून बघितल्या आणि म्हणाला काका जरा टॉर्च आणता का, मागचं दिसत नाहीये. बाबा आत जाऊन येईपर्यंत स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली आलेली होती. आधी ती नव्हती हे बाबांना पक्कं आठवतंय. मग त्याने ती फुली दाखवून सांगितलं, "बघा काका, साउंड कार्ड डेड दाखवतंय. तुमच्या पीसीत साउंड वेगळं नसतं, मदरबोर्डवरच असतं, म्हणजे मदरबोर्डच बदलायला लागणार."

आता यातलं अर्धं खरं आहे आणि मला जास्त संताप त्याचाच येतो. जुन्या काय नि नव्या काय, घरच्या बहुतेक पीसींमध्ये साउंडची चिप बोर्डवरच असते. बाबांनी शेजारच्या काकांना फोन करून विचारलं तर तेही म्हणाले हो, साउंड बोर्डवरच असतं, मग बाबांचा विश्वास बसणारच ना! पण चिप खरंच जळली तरी बोर्ड बदलायची गरज नसते हे तो बोलला नाही. यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड दीडशे-दोनशे रुपयांपासून मिळतं, पेनड्राइव्हसारखं लावायचं, स्पीकरची पिन त्यात घालायची आणि पीसी पुढे चालू. हे माहीत नसलेला टेक्निशियन मी तरी बघितलेला नाही. वर आणखी एक पुडी सोडली की विंडोज १० कंपनीने बंद केलंय म्हणून असे प्रॉब्लेम येतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला हे खरं आहे, पण सपोर्ट संपला म्हणजे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट थांबले, त्याने कुणाच्या स्पीकरचा आवाज जात नाही.

सीपीयू घेऊन गेला, आणि जाताना "टेस्टिंगला लागेल" म्हणून विंडोजचा पासवर्डही लिहून घेतला. चार दिवसांनी आणून दिला, आवाज व्यवस्थित चालू. बोर्डचे ५,२०० आणि फिटिंगचे ८००. बाबांनी बिल मागितलं तर म्हणे बिल हवं असेल तर वर १८ टक्के जीएसटी लागेल, तुमचंच नुकसान. जुना बोर्ड मागितला तर म्हणे तो एक्स्चेंजमध्ये जमा केला, म्हणून तर तुम्हाला स्वस्तात पडलं. पैसे यूपीआयने त्याच्या पर्सनल नंबरवर गेले.

पुढच्या आठवड्यात मी घरी गेले तेव्हा पीसी खूप स्लो वाटला. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं तर ४ जीबी, आणि खाली स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २. तिथेच डोक्यात तिडीक गेली. मग डबा उघडला. बोर्डवर एका कडेला बारकोडचा स्टिकर असतो त्यावर सिरियल नंबर असतो. बाबा कागद टाकत नाहीत, २०१२ चं बिल फाइलमध्ये होतं आणि लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानदाराने बिलावर पेनाने बोर्डचा सिरियल नंबर लिहून दिलेला होता. दोन्ही शेजारी धरून बाबांनी एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि मी स्टिकरवर बोट ठेवून जुळवत गेले. शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. रॅमच्या रिकाम्या स्लॉटमध्ये धूळसुद्धा नव्हती आणि बाकी बोर्डभर वर्षांची धूळ तशीच्या तशी. नव्या बोर्डवर इतकी धूळ चार दिवसांत कुठून येणार.

बोर्ड खरंच बदलला की नाही हे डबा न उघडताही बऱ्यापैकी कळतं. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स हार्डवेअरला, मुख्यतः मदरबोर्डला बांधलेलं असतं, बोर्ड बदलला की ॲक्टिव्हेशन सहसा उडतं आणि ते पुन्हा करून घ्यावं लागतं. आमचं जसंच्या तसं ॲक्टिव्हेटेड. लॅनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे इंटरनेट केबलच्या पोर्टचा स्वतःचा ओळख नंबर, तोसुद्धा बोर्डबरोबर बदलतो, तो राउटरमध्ये जुना सेव्ह असेल तर जुळवून बघा.

आणि ती लाल फुली! ती कशी आली तेही सापडलं. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर असतं, त्यात विंडोज लॉग्ज आणि मग सिस्टिम. तिथे उजवीकडे फिल्टर करंट लॉग म्हणून आहे, त्यात इव्हेंट आयडी ७०४० टाकायचा. सर्व्हिस म्हणजे विंडोजमध्ये मागे चालणारा प्रोग्राम, आणि तो आपोआप सुरू व्हायचा की बंद ठेवायचा हे ठरवणारा स्टार्ट टाइप कुणी बदलला की ही नोंद पडते. बिट्स म्हणजे बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिसच्या ढिगाने नोंदी दिसतील, त्या सोडून द्यायच्या, त्या विंडोज स्वतःच करतं. त्या दिवशीची नोंद होती, विंडोज ऑडिओ सर्व्हिस ऑटो स्टार्टवरून डिसेबल्ड, वेळ सकाळी ११:३१. आणि बाबांच्या मोबाइलवर व्हिजिट चार्जचे ३०० गेल्याचा मेसेज ११:४२ चा. म्हणजे माणूस आमच्या घरात, बाबांच्या खुर्चीवर बसलेला होता. परत ऑटो केल्याची नोंद त्याने पीसी आणून दिला त्या दिवशी दुपारची. मधले चार दिवस पीसी नुसता पडून होता, फक्त रॅम काढायला डबा उघडला असणार.

(हेच इव्हेंट व्ह्यूअर फोनवरून रिमोटने फसवणारे लोक उलटं वापरतात हेही लक्षात ठेवा. चांगल्या चालणाऱ्या पीसीतही त्यात लाल-पिवळ्या एरर्स शेकड्याने असतात, त्या दाखवून व्हायरस आहे म्हणून घाबरवतात आणि प्लॅन विकतात. नुसत्या एरर्स दिसल्या म्हणजे पीसी खराब असं अजिबात नाही.)

तर आवाज गेला की कुणाला बोलवायच्या आधी एवढं घरी करा. स्पीकरची पिन मोबाइलला किंवा टीव्हीला लावून बघा, वाजले तर स्पीकर ठीक. पीसीच्या मागे हिरव्या भोकात पिन आहे ना बघा, गुलाबी माइकचं असतं आणि साफसफाईनंतर हे फार वेळा उलटं होतं. मग वर सांगितलं तसं डिव्हाइस बदलून बघा. लाल फुली असेल तर विंडोज आणि आर दाबून सर्व्हिसेस डॉट एमएससी (services.msc) टाइप करा, त्यात विंडोज ऑडिओ आणि विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर या दोन्ही रनिंग आणि ऑटोमॅटिक हव्यात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडच्या नावावर खाली जाणारा बाण असेल तर कुणीतरी डिसेबल केलंय, राइट क्लिक करून एनेबल करा, पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हरचा (विंडोजकडून तो भाग चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरचा) घोळ आहे, ड्रायव्हर बोर्डच्या कंपनीच्याच साइटवरून घ्या, फुकट ड्रायव्हर अपडेटरच्या नादी लागू नका.

आणि तरीही कुणी चिप गेली म्हणत असेल तर पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम) टाकून त्यावरून पीसी सुरू करा, इन्स्टॉल न करता ट्राय करता येतं. तिथे आवाज आला तर हार्डवेअर धडधाकट आहे, भानगड विंडोजमध्ये आहे. दुकानात पाठवायचीच वेळ आली तर डबा उघडून रॅम, बोर्ड, एसएसडी सगळ्यांच्या स्टिकरचे फोटो त्या माणसासमोरच काढा, शक्य असेल तर एसएसडी काढून घरी ठेवा. मदरबोर्ड तपासायला तुमचा विंडोजचा पासवर्ड कशाला लागतो? बाबांच्या पीसीत आधार, पॅन, पासबुकचे स्कॅन सगळं होतं आणि ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह. आल्या आल्या मी ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलले, पण ते स्कॅन कुणी कॉपी केले का हे आता कधीच कळणार नाही, आणि बाबांच्या जिवाला खरा घोर त्याचाच आहे.

त्या माणसाला फोन केला तर आधी आवाज चढवला, मग दोन्ही सिरियल नंबरचे आणि लॉगचे फोटो पाठवल्यावर "कारागिराची चूक झाली असेल ताई" म्हणत ३,५०० परत टाकले. रॅमबद्दल म्हणतो एकच होती. दुसऱ्या रॅमचं बिल आमच्याकडे आहे. नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवलीय, तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पैसे ऑनलाइन फ्रॉडमध्ये गेले असतील, म्हणजे कुणी रिमोट घेऊन खात्यातून काढले असतील, तर नंबर वेगळा, १९३०, आणि तो लगेच लावायचा, तासाभराचा उशीरसुद्धा महागात पडतो.

कुणाची अशीच केस असेल तर एक काम आजच करा. तो सिस्टिम लॉग "सेव्ह ऑल इव्हेंट्स ॲज" करून पेनड्राइव्हवर काढून ठेवा, कारण लॉगला साइझची मर्यादा असते, नवीन नोंदी येत गेल्या की जुन्या पुसल्या जातात. आणि पीसी पुन्हा त्याच माणसाच्या हातात देऊ नका, "फ्री चेक करून देतो" म्हणाला तरी. आम्हाला म्हणाला होता.