द क्रो: सॅल्व्हेशन (२०००): तिसऱ्यांदा कावळा शिवला, पण निम्माच

मेलेल्याचा आत्मा कावळा घेऊन जातो आणि कधीकधी एखाद्याचं दुःख एवढं मोठं असतं की तोच कावळा त्याला परत आणतो, राहिलेलं निस्तरायला. एवढ्या एका कल्पनेवर ही अख्खी सिरीज उभीये आणि नाशकात वाढलेल्या माणसाला ती समजवून सांगायची गरजच नाही राव. रामकुंडावर कोणाच्या दहाव्याला गेला असाल तर बघितलंच असेल, पिंड मांडलेत, सगळे मागे सरकून उभे, कावळे वर बसलेत पण एक खाली उतरेल तर शपथ, मग कुजबुज चालू, काहीतरी राहिलंय त्यांचं, मग मोठा मुलगा हात जोडून म्हणतो धाकटीच्या लग्नाचं मी बघतो तुम्ही काळजी करू नका, तरी नाही, मग कोणीतरी म्हणतं अरे गावच्या जमिनीचं बोल, आणि तेही करून कोणी आलंच नाही तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि मंडळी घरी जातात. आपल्याकडे राहिलेलं पुरं करायची जबाबदारी जिवंत माणसांवर, इकडे मेलेलाच उठून येतो, फरक एवढाच.

आता पिक्चरकडे येऊ. सिरीजचा पहिला भाग १९९४ चा, दिग्दर्शक अॅलेक्स प्रोयास, जेम्स ओबारच्या कॉमिकवरून काढलेला. ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली त्यात हिरो होता आणि शूटिंग चालू असतानाच ३१ मार्च १९९३ ला तो गेला, पिस्तुलाच्या नळीत आधीच्या नकली काडतुसाचं टोक अडकून राहिलेलं आणि नंतर ब्लँक, म्हणजे नुसता बार होणारं बिनगोळीचं काडतूस, झाडल्यावर ते सुटलं. वय फक्त २८. उरलेले सीन डबल आणि कॉम्प्युटरवर चेहरा चिकटवून पूर्ण केले, आणि तो डबल होता चॅड स्टाहेल्स्की, तोच ज्याने पुढे जॉन विक काढला. त्यामुळे पहिला भाग बघताना पडद्यावरचं दुःख आणि बाहेरचं दुःख वेगळं काढताच येत नाही. ही गोष्ट नंतरच्या कुठल्याच भागाकडे असणं शक्य नव्हतं. तिथेच थांबायला पाहिजे होतं असं म्हणणारे खूप आहेत आणि मी पण त्यातलाच, पण थांबेल तो प्रोड्युसर कसला. १९९६ ला सिटी ऑफ एंजल्स, १९९८ ला टीव्ही सिरीज, २००० ला हा, २००५ ला विकेड प्रेअर आणि एवढ्या वर्षांनी २०२४ ला परत पहिल्यापासून. मिसळीचा रस्सा संपत आला की पातेल्यात गरम पाणी ओतत राहतात तसं, रंग तोच, पण चव शोधत बसा.

तरी तिसऱ्यावर लिहितोय कारण सगळ्या सिक्वेलमधे स्वतःचं काही डोकं लावलेला हा एकच आहे. पहिल्यात गुंड येतात, जोडप्याला मारतात, वर्षभराने तो उठतो. दुसऱ्यात गुंड बाप आणि लेकाला मारतात, बाप उठतो. इथे अॅलेक्स कॉर्व्हिस नावाच्या पोराला सरकारनेच मारलंय. प्रेयसी लॉरेनच्या खुनाच्या आरोपाखाली कोर्टात दोषी ठरवून, रीतसर, साक्षीदारांसमोर, विजेच्या खुर्चीत, आणि ते पण त्याच्या एकविसाव्या वाढदिवसाला. तो बिचारा शेवटपर्यंत सांगतोय की मी नाही, हातावर जखमांचे व्रण असलेला एक माणूस होता, आणि कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणजे ह्याचा बदला कोणावर? खुनी तर आहेतच, पण ज्यांनी पुरावा गायब केला, ज्यांनी खोटी साक्ष दिली, जे गप्प बसले त्यांचं काय? हा प्रश्न भारी आहे आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं पिक्चर तो खरंच नीट धरून ठेवतो.

एक सीन तर सिरीजमधल्या चांगल्या सीनमधे बसेल. पहिल्या भागात तो हिरो आरशासमोर बसून स्वतःच्या हाताने तोंड पांढरं रंगवतो, डोळ्यावर ओठावर काळं. इथे रंगबिंग काही नाही. खुर्चीत बसवताना चेहऱ्यावर धातूचा मुखवटा घातलेला असतो आणि करंट गेल्यावर खाली सगळं जळून जातं, मग तो उठल्यावर तोंडावरची जळकी कातडी बोटाने सोलत जातो आणि आतून तोच पांढरा चेहरा आणि तेच काळे ओरखडे निघतात. मेकअप का, ह्याचं उत्तर कथेनेच दिलं, शिक्षेनेच त्याचा चेहरा बनवला. ज्याने कोणी हे लिहिलं त्याला मानलं.

हा सीन चालू असतानाच मावशी खोलीत आली. पंचवटीत मावसभावाकडे बघत होतो, त्याच्याकडे जुन्या डीव्हीड्यांचा ढीग आहे, आणि नेमका पितृपक्ष. आवाज मोठा, टीव्हीत कावळा कावकाव करतोय आणि ती म्हणते, अरे मी मघापासून गच्चीवर पान ठेवून वाट बघतेय आणि हा इथे ओरडतोय होय! मग दोन मिनिटं उभं राहून बघितलं, विचारलं ह्याचं काय राहिलंय, मी म्हटलं मावशी, न केलेल्या खुनाची शिक्षा झालीये, तर म्हणे मग तो पोलिसांकडे कशाला जातो, आधी त्या मुलीच्या घरच्यांना सांगायला नको का. आता गंमत बघा, पिक्चरचा सगळ्यात जमलेला भाग नेमका तोच आहे. लॉरेनची बहीण एरिन, म्हणजे कर्स्टन डन्स्ट, स्पायडरमॅनवाली, त्याच्या दोन वर्षं आधीची. तिच्या लेखी ह्यानेच बहिणीला मारलंय आणि तो मेला म्हणून तिला बरं वाटलंय, आणि आता तोच समोर उभा राहून सांगतोय की मी नव्हतो. दोघांचे सीन छान झालेत. तिचा बाप विल्यम अॅथर्टन, त्याचं काय आहे ते सांगत नाही, पण डाय हार्डमधला तो आगाऊ रिपोर्टर आठवत असेल तर ह्या माणसाला बघून कोणालाच विश्वास वाटत नाही, त्यामुळे सस्पेन्सचा थोडा विचका होतो.

गाडी घसरते ती मधे. एकदा का पोलिसांची नावं हाताला लागली की पिक्चर परत जुन्या रुळावर, एक सापडला, मारला, पुढचा, मारला, पुढचा. सगळे एकाच टाइपचे भ्रष्ट हवालदार, एक गेला की दुसऱ्याचं नाव विसरायला होतं. आणि हिरोला गोळी लागली तरी जखम भरून येते, मग आपण भीती कशाची बाळगायची? पहिल्या भागात पण तो अमर होता की, पण तिथे प्रत्येक मारण्यात त्याला काहीतरी आठवायचं आणि ते आठवणं गोळीपेक्षा जास्त लागायचं. इथे अॅलेक्स झालेला एरिक मेबियस मेहनत करतो, चेहरा चांगला आहे, पण बरेचदा तो दुःखात आहे का नुसता वैतागलाय तेच कळत नाही. शेवटाकडे त्याची ताकद कमी होते ते तर इतक्या घाईत उरकलंय की आम्ही दोघांनी मागे जाऊन परत बघितलं.

व्हिलन म्हणजे कॅप्टन झालेला फ्रेड वॉर्ड, २०२२ ला गेला बिचारा, चांगला नट. त्याला मस्त थंड ठेवलंय, ओरडत नाही, हळू बोलतो. पण लिहिणाऱ्यांना तेवढ्यावर भागेना म्हणून वर सैतानी टाइपचा मसाला पण टाकला. काय गरज होती? निरपराध पोराला खुर्चीत बसवून घरी जाऊन शांत झोपणारा पोलीस अधिकारी ह्यापेक्षा भीतीदायक काय असणारे.

दिग्दर्शक आपला, म्हणजे तसा गुंटूरला जन्मलेला आणि इंग्लंडात वाढलेला, भरत नल्लूरी. ही माहिती कळल्यावर मला उगाच वाटून गेलं की कावळ्याचं प्रकरण ह्याला तरी आतून माहिती असेल, पण कावळा इथे बहुतेक वेळ कॅमेऱ्यासारखा वापरलाय, उडतो, बघतो, हिरोला दाखवतो. त्याचं मेलेल्याशी नातं काय ते कुठे जाणवतच नाही. बाकी तांत्रिक काम नीट आहे, पैसा कमी होता हे दिसतं पण अंधार बरा वापरलाय, दुसऱ्या भागासारखं सगळं पिवळं करून ठेवलं नाही. संगीत मार्को बेल्ट्रामीचं, आणि गाण्यांत रॉब झॉम्बी, होल वगैरे त्या काळातली गँग, तो आवाज आवडत असेल तर मजा येते, माझ्या भावाला डोकं दुखलं.

अमेरिकेत ह्याला धड थिएटर मिळालं नाही, जवळपास सरळ व्हिडिओवर गेला आणि ते अन्यायाचं वाटतं, कारण ह्याच्या आधीचा जो थिएटरात लागला तो ह्याच्यापेक्षा पुचाट आहे. माझ्याकडून पाचपैकी अडीच, त्यातला अर्धा मार्क एकट्या त्या कातडी सोलायच्या सीनचा. पहिला बघितला नसेल तर आधी तो बघा, दुसरा सोडला तरी काही अडत नाही कारण गोष्टी एकमेकांना जोडलेल्याच नाहीत, फक्त कावळा कॉमन. चौथ्याच्या वाटेला जाऊ नका, एडवर्ड फरलाँगला त्या मेकअपमधे बघवत नाही. आणि हा लावलाच तर पोलिसांच्या टोळीत वॉल्टन गॉगिन्स आहे त्याच्यावर लक्ष ठेवा, तेव्हा कोणी ओळखत नव्हतं, छोटा रोल आहे पण बाकीच्या हवालदारांपेक्षा तोच लक्षात राहतो.