डिजिटल वजनकाटा: मधुमेहाच्या पथ्यासाठी कितपत कामाचा?

आहारतज्ज्ञ कर्बोदकं ग्रॅममध्ये लिहून देतात आणि घरात सगळं चालतं अंदाजाने. एक ग्रॅमपर्यंत नेमकं दाखवणारा साधा काटा हा घोळ मिटवतो. रिकामी ताटली ठेवून 'टेअर' दाबा, आकडा शून्य झाला की पदार्थ वाढा. पुढच्या पदार्थाआधी पुन्हा टेअर.

खरी चूक होते ती १०० ग्रॅम पदार्थात किती कर्बोदकं हे सांगणारा तक्ता वाचताना. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ७८ ते ८० ग्रॅम कर्बोदकं असतात, तेवढ्याच शिजलेल्या भातात जेमतेम २८. कच्च्याचा आकडा भाताला लावला की हिशेब जवळजवळ तिप्पट फुगतो. जेवणाआधीचं इन्सुलिन त्यावर ठरत असेल तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. फळांचं वजन साल-बिया काढूनच करा.

तक्रार एकच, पण वैताग आणणारी: बरेच काटे एक-दोन मिनिटांत आपोआप बंद पडतात आणि टेअर पुसलं जातं. म्हणून ताटलीचं वजन कुठेतरी लिहून ठेवा. मऊ टेबलक्लॉथवर आकडा भरवशाचा राहत नाही. बॅटरी उतरली तरी तेच. पोषणमूल्यं सांगणाऱ्या 'स्मार्ट' काट्यावर जादा पैसे घालू नका; तोही शेवटी तुम्ही निवडलेल्या पदार्थाच्या तक्त्यावरूनच गुणाकार करतो.