गोलबॉलचा ज्युनिअर वर्ग: अंधशाळेत घ्यायचा की क्लबच्या हॉलवर?

गोलबॉल हा अंध खेळाडूंचा खेळ, घुंगरांचा चेंडू जमिनीवरून समोरच्या गोलात टाकायचा. मोठ्यांचा गोलबॉल संघ चालवणाऱ्या क्लबला कधी ना कधी प्रश्न पडतोच, की पुढची मुलं आणायची कुठून? महाराष्ट्रात दोन वाटा दिसतात. जवळच्या निवासी अंधशाळेत जाऊन संध्याकाळी सराव घ्यायचा, किंवा क्लबच्या हॉलवर शनिवार-रविवारी सगळ्यांसाठी वर्ग उघडायचा. दोन्हींकडे मिळणारी मुलं वेगळी, अडचणी वेगळ्या आणि काही वर्षांनी हाताशी राहणारा संघही वेगळा.

आधी जागेचं बोलू, कारण बहुतेक बेत तिथेच अडतात. गोलबॉलचं मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद, म्हणजे बरोबर व्हॉलीबॉलच्या मैदानाएवढं. बॅडमिंटनचं एक कोर्ट १३.४ मीटरचं असतं, ते पुरत नाही. शाळेचं प्रार्थनेचं सभागृह पुरेसं लांब असेल तर प्रश्नच मिटला. भाडं नाही, आणि मुलांना तिथला कोपरान् कोपरा पाठ असतो. मात्र खाली शहाबादी फरशी असेल तर जपून. चेंडू सव्वा किलोचा असतो आणि तो अडवायला मुलं आडवी झेप घेतात. गुडघ्या-कोपरांना पॅड नसतील तर पहिल्याच आठवड्यात मुलं झेप घ्यायला कचरतात, आणि एकदा बसलेली ती भीती काढायला फार वेळ लागतो.

क्रीडा संकुलातला लाकडी हॉल अंगाला सोसतो, पण तिथे आवाजाचा त्रास. शेजारी बॅडमिंटन चालू असलं की बुटांच्या चरचरीत चेंडूतल्या घुंगरांचा आवाज बुडून जातो. हा सगळा खेळच कानांवर चालतो. सामन्यात चेंडू खेळात असताना प्रेक्षकांनाही गप्प बसावं लागतं. म्हणजे हॉल अख्खा घ्यावा लागतो, आणि भाडं तिथेच वाढतं. हॉल ठरवायला जाताना पंखे चालू करून कोणाला तरी दुसऱ्या टोकाकडून चेंडू सोडायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. घुंगरू ऐकू येत नसतील तर दुसरा हॉल बघा.

रेषांचीही गोष्ट तशीच. जमिनीवर बारीक दोरी ताणून तिच्यावर टेप चिकटवतात, म्हणजे रेषा बोटांना आणि तळपायाला कळते. नवी मुलगी आधी मागे हात नेऊन गोलचा खांब शोधते, मग पावलाने रेषा चाचपत पुढे येते, तिथे गुडघ्यावर बसून बोटांनी पुन्हा खात्री करून घेते, आणि मगच समोर तोंड करते. हे दिवसातून दहा वेळा केलं की मैदान अंगात भिनतं. शाळेत रेषा तशाच राहू देतील, तर हा सराव मुलं तुमच्यामागेही करतात. भाड्याच्या हॉलवर दर वेळी टेप लावा आणि काढा. सरावाचा बराच वेळ त्यातच जातो.

आता मुलांचं. एका संघात मैदानावर तिघे असतात, म्हणजे सामना खेळवायला सहा मुलं हवीत. शाळेत ती पहिल्याच दिवशी मिळतात. खुल्या वर्गात सुरुवातीला दोन-तीनच येतील आणि तीही आईबाबांना सवड असेल तेव्हा. इथे मी भावंडांनाही खेळवा म्हणेन. सगळ्यांच्याच डोळ्यांवर आयशेड, म्हणजे काहीच दिसू न देणारी पट्टी असते, त्यामुळे डोळस भाऊही त्याच मापात येतो. ब्रिटनमध्ये स्थानिक पातळीवर डोळस खेळाडूही खेळतात. शिवाय मोठ्या शहरांतल्या कितीतरी अंधशाळा फक्त मुलग्यांच्या किंवा फक्त मुलींच्या आहेत. मुंबईत दादरची कमला मेहता शाळा मुलींची, वरळीचं हॅपी होम मुलग्यांचं. एकाच शाळेत गेलात तर निम्मी मुलं बाहेरच राहतात.

खुल्या वर्गाच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट मला वाटते ती साध्या शाळांत शिकणाऱ्या अल्पदृष्टी मुलांची. पीटीच्या तासाला ही मुलं वर्गात दप्तरं सांभाळत बसतात. ती अंधशाळेत नाहीत, म्हणून तिथल्या वर्गातून ती कधीच सापडणार नाहीत. गोलबॉल १९४६ मध्ये तयार झाला तोच दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी, म्हणजे दिसण्याची सवय असलेल्या माणसांसाठी. ज्यांची नजर हळूहळू कमी होते आहे, अशा मुलांना तो फार उपयोगी पडतो. सुरुवातीला मात्र त्यांना जास्त सांभाळावं लागतं. पूर्ण अंध मूल मैदानावर बेधडक वावरतं, थोडंफार दिसणारं मूल आयशेड चढवली की जागच्या जागी थिजतं आणि पट्टीला हात लावतं. सामन्यात परवानगीशिवाय आयशेडला हात लावला तर पेनल्टी लागते, आणि मग अख्खा ९ मीटरचा गोल एकट्याने राखायचा. हा नियम थोड्या उशिराने लावा.

दोन्हीकडे पाळायची एक गोष्ट. झेप कशी घ्यायची हे हात लावून शिकवावं लागतं, तेव्हा आधी विचारा. त्याहून बरं म्हणजे तुम्ही स्वतः झेपेच्या स्थितीत आडवे व्हा आणि मुलाला तुमचे हात-पाय चाचपून बघू द्या. मुली असतील तर सोबत ताई हवीच. शाळेत अधीक्षकांच्या होकारावर थांबू नका, पालकांची लेखी संमती घ्या.

हॉलचं भाडं सोडलं तर खर्चात फार फरक नाही. स्पर्धेचा चेंडू महाग असतो, तो एकच घ्या. नुसत्या फेकीच्या सरावाला जुना बास्केटबॉल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला तरी खुसखुस ऐकू येते.

शाळेच्या वाटेचा खरा तोटा दहावीनंतर दिसतो. मुलं वसतिगृह सोडून आपापल्या गावी जातात आणि जमलेला संघ विखुरतो. खुल्या वर्गातली मुलं शहरातच राहतात.

त्यामुळे माझं मत असं. जवळ निवासी शाळा असेल आणि नेमाने जाणारी दोन माणसं क्लबकडे असतील, तर शाळेतून सुरुवात करा, पण पहिल्याच सत्रापासून महिन्यातला एक रविवार तीच मुलं क्लबच्या हॉलवर आणा आणि बाहेरच्या मुलांनाही त्याच दिवशी बोलवा. बस कुठली, जिना कुठे, हे शाळेत असतानाच पाठ झालं तर कॉलेजला शहरात राहिलेला मुलगा आपणहून येतो. शाळा लांब असेल, किंवा जाणारं माणूस एकच असेल, तर खुला वर्गच बरा. आणि दहावीच्या मुलांची गावं व घरचे फोन नंबर जानेवारीतच लिहून घ्या, परीक्षा संपली की वसतिगृह रिकामं होतं.