पिवळा लॅब की पीकॉक? दिवाळीपासून पोळ्यापर्यंतचा अनुभव

गाव दारव्ह्याकडचं, माशांची टाकी चार फुटांची, पाणी बोअरचं. हे पाणी तापवलं की गंजाला, म्हणजे पातेल्याला, पांढरा थर धरतो. आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातल्या सिक्लिड माशांना मात्र असंच जड, ७.७ ते ८.६ पीएचचं पाणी मानवतं. म्हणून दिवाळीत तिथलेच दोन प्रकार आणले: इलेक्ट्रिक यलो, म्हणजे पिवळा लॅब, आणि निळा पीकॉक.

रंगाच्या बाबतीत लॅब निर्धास्त. नर-मादी दोघंही पिवळे, पेरभर पिल्लूसुद्धा पिवळं. गंमत म्हणजे तळ्यात या जातीचे बरेच मासे पांढरट असतात. हा पिवळा मोजक्याच किनाऱ्यावरचा. घेताना पाठीच्या पराची काळी कड स्वच्छ बघा, अंगावर आडवेउभे पट्टे असले तर सोडून द्या. पांढरी रेती काढून नाल्यातले काळे दगड टाकल्यावर आमचे आणखी खुलले.

पीकॉकचं तंत्र वेगळं. मादी जन्मभर मातकट, नरही सात-आठ सेंटीमीटरचा होईस्तोवर तसाच. त्यामुळं दीड इंचाची सगळीच पिल्लं निळीशार दिसली आणि दुकानदार "भाऊ, इम्पोर्टेड लॉट आहे" म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा. असला रंग बहुतेकदा हार्मोनचा, काही महिन्यांत उतरतो. मी मळकीच उचलली. घरचे हसले. संक्रांतीनंतर एकाच्या तोंडाशी निळं चमकायला लागलं, होळीला तो झळझळीत होता. दुसरा नर मात्र फिकाच. दांडग्याला काही दिवस टबात काढलं, तसा हा रंगला. दांडगा परत आला नि याचा रंग गेला! तेव्हा दुकानातला फिका नर वाईटच असतो असं नाही, दबलेलाही असू शकतो.

ठिपकेवाला ओबी पीकॉक माणसानं केलेला संकर आहे; पिल्लं आईबापासारखी निघतीलच असं नाही. लाल झेब्रा हा मलावीचाच आणखी एक सिक्लिड लॅबसोबत नकोच: मारकुटा, शिवाय दोघांचा संकर होतो.

मे महिन्यात पाणी ३२ अंशांवर गेलं. झाकणाऐवजी जाळी, तिच्यावर टेबलफॅन. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, आणि आमच्याकडं लाईनचा भरवसा नाही, म्हणून बॅटरीचा एअरपंप आधीच घेऊन ठेवा.

घरी लहान पोरं असतील तर लॅबच घ्या. मातकट मासा दाखवून त्यांना होळीपर्यंत थांबवणं काही जमत नाही.