400 वॅटमध्ये 2000 वॅटची ऊब म्हणाले, आणि मी 49,960 रुपये घालवले

रक्कम आधी सांगतो, कारण भेटणारा प्रत्येक जण तीच आधी विचारतो. 49,960 रुपये. तीन यंत्रांचे 35,700, वर्षाच्या देखभालीचे म्हणून 2,360 आणि माझ्या शब्दावर एक यंत्र घेतलेल्या शेजाऱ्यांना मी पदरचे परत केलेले 11,900. सगळे खोली गरम करणाऱ्या गरम हवेच्या हीटरपायी. मी 31 वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं आहे. दहावीचा ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा किती वेळा शिकवला याची गणती नाही. त्यामुळे हे लिहिताना राग जास्त आहे की लाज, मला सांगता येत नाही. पण गप्प बसलो तर तो माणूस पुढच्या गावात मोकळा फिरेल, म्हणून लिहितो.

आम्ही नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यात राहतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात येतो, तीच थंडी आमच्याकडे. लोक पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, घडांना गारठा लागू नये म्हणून पाणी सोडतात. घरं मात्र उन्हाळ्यासाठी बांधलेली. वर उघडा स्लॅब, भिंतीत झरोके, दाराखाली बोटभर फट. आई 86 वर्षांची. ती रात्री खाटेजवळ कोळशाची शेगडी ठेवायची, ती मीच बंद केली. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, माणूस झोपेतच जातो. शेगडी काढली, मग आईला ऊब कशाने द्यायची? त्याच आठवड्यात तालुक्याच्या एका मंगल कार्यालयात ‘गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन’ लागलं. अशी प्रदर्शनं कशी चालतात हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. तरी गेलो.

तिथे थर्माकोलची एक केबिन केलेली, सहा बाय सहा फुटांची. आत पांढरा डबा, पुढे निळा आकडा. पाच मिनिटांत आकडा 18 वरून 27 झाला आणि आत बसलेल्या बायकांनी शाली काढल्या. विकणारा तिशीतला, शर्ट इन केलेला, बोलणं अदबीचं. “सर, साधा हीटर 2000 वॅट खातो. हा 400 वॅट घेतो आणि ऊब 2000 वॅटची देतो. हीट पंप तंत्रज्ञान आहे सर, तुम्हाला सांगायला नको.”

त्या शेवटच्या वाक्याने मी फसलो. हीट पंप ही खरी गोष्ट आहे. गरम हवा देणारा एसी बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, म्हणून 1 युनिट विजेत 3 युनिटांइतकी उष्णता मिळू शकते. ते मी वाचलेलं होतं, त्यामुळे त्याचं म्हणणं मला अशक्य वाटलं नाही. अडाणीपणाने नव्हे, अर्धवट माहितीमुळे मी फसलो, हे मला स्पष्ट नोंदवायचं आहे. पण हीट पंपाला कॉम्प्रेसर लागतो, भिंतीबाहेर दुसरा डबा लागतो, दोन्हींना जोडणारी तांब्याची नळी लागते. इथे एकच डबा होता, टेबलावर ठेवलेला. बाहेरचं युनिट कुठे आहे, हा एक प्रश्न विचारला असता तर तिथेच निकाल लागला असता.

दुसऱ्या दिवशी, 14 डिसेंबरला, तो डेमो द्यायला घरी आला. सोबत एक मदतनीस. बैठकीत आम्ही घरचे चौघे, शेजारचे पाच आणि ते दोघे, असे अकरा जण. दारं-खिडक्या लावल्या, बायकोने सगळ्यांना चहा केला. अर्ध्या तासात खोली खरंच उबदार झाली. आता कळतं, नुसता बसलेला माणूस सुमारे 100 वॅट उष्णता देतो. अकरा माणसांची 1100 वॅट आणि डब्याची 400. खोली आम्ही तापवली होती, डब्याने नव्हे.

आणि आता तो क्षण. यंत्र लावताना त्याने वायर माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “बघा सर, साध्या 6 अँपिअरच्या प्लगवर चालतो. वायरिंग बदलायला नको, 16 चा सॉकेट नको, खर्च वाचला.” मी तो प्लग हातात धरला. बारीक पिना, पातळ वायर. 230 गुणिले 6 म्हणजे 1380. या प्लगमधून 1380 वॅटपेक्षा जास्त वीज सुरक्षितपणे जाऊच शकत नाही. 2000 वॅटला 8.7 अँपिअर लागतात, जाड पिनांचा 16 अँपिअरचा प्लग लागतो. हा हिशेब मी मुलांकडून तोंडी करून घेत असे. त्या दिवशी प्लग माझ्या मुठीत होता, हिशेब डोक्यात होता आणि मी “वा, छान” म्हणालो. रोज रात्री मला तोच प्लग आठवतो. आत 400 वॅट गेले तर बाहेर 400 वॅटच येणार. हीट पंप सोडला तर वीज खाऊन ऊब देणारा कुठलाही हीटर, मग तो नायक्रोमच्या तारेचा असो की सिरॅमिकचा, दोन हजारांचा असो की चौदा हजारांचा, एका वॅटला एकच वॅट देतो. यात बचत नावाची गोष्टच नसते. जो तशी बचत सांगेल तो खोटं बोलतोय, त्याला दारातूनच परत पाठवा.

एकाची किंमत 14,800. तीन घेतल्यास 11,900 प्रमाणे. आईच्या खोलीत एक, आमच्या खोलीत एक आणि नाशिकला असलेल्या मुलीकडे एक, असा विचार करून मी तीन घेतली. देखभालीचे 2,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. पैसे युपीआयने दिले, बिल मिळालं. बिलावर जीएसटी क्रमांकही होता. तो मी मोजला नाही. हा क्रमांक 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. माझ्या बिलावर 14 अक्षरं आहेत. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की दुकानाचं नाव फुकटात दिसतं, एक मिनिट लागतं. बिल हातात असताना बघा, माझ्यासारखं महिन्याने नको.

त्याच संध्याकाळी त्याच 11,900 च्या भावाने मेहुण्यांनी एक घेतलं, शेजारच्या भाऊसाहेबांनी एक. दोघांनीही “सर घेतायत म्हणजे बरोबरच असणार” असं म्हणून घेतलं. पैसे गेल्यापेक्षा हे वाक्य मला जास्त खातं.

पहिल्या रात्री आई म्हणाली, “बाबा, आकडा वाढतोय, पण पाय काही तापंना.” मी तिला म्हणालो, वेळ लागतो. तिसऱ्या रात्रीही तेच. निळा आकडा 24 आणि खाटेजवळ ठेवलेला शाळेतला जुना तापमापक 12. 86 वर्षांच्या बाईला जे पायांना कळलं ते मला आकड्यापुढे कळेना. मग मी बाकीचं सगळं बंद करून तासभर फक्त ते यंत्र चालवलं आणि मीटर पाहिला. 0.4 युनिट. म्हणजे 400 वॅट खरेच होते, ऊबही तेवढीच.

शेवटी स्क्रू काढले. आतला प्रकार बघून डोकं सुन्न झालं. एक छोटा सिरॅमिक हीटर, ज्याला पीटीसी म्हणतात. तो तापला की त्याचा विजेला होणारा रोध वाढतो आणि तो स्वतःच वीज कमी घेतो, म्हणून मुळात चांगली वस्तू आहे. पण इथे त्याच्यामागे कॉम्प्युटरमध्ये असतो तेवढा पंखा. तळाला सिमेंटचा ठोकळा, वजन भरावं म्हणून! उचलताना यंत्र जड लागलं की माल भक्कम वाटतो, मलाही वाटला होता. निळ्या आकड्याचा सेन्सर हवा बाहेर पडते त्या जाळीच्या कडेलाच चिकटवलेला. तो खोलीचं तापमान दाखवतच नव्हता, स्वतःच्याच तोंडाची वाफ मोजत होता. पंखा बंद पडला तर वीज तोडणारा थर्मल कटआऊट कुठेच नाही.

पंखा मुद्दाम मंद ठेवलेला असतो, हे लक्षात ठेवा. 400 वॅटची सगळी उष्णता तासाला 27 घनमीटर एवढ्याच हवेत घातली तर ती हवा खोलीपेक्षा 45 अंशांनी तापते. तळहात धरला की चटका बसतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. तोंडाशी हवा किती गरम आहे यावरून खोली तापत नाही, किती हवा आणि किती गरम हे दोन्ही मिळून वॅट होतात. त्यात याचं तोंड वरच्या बाजूला. गरम हवा हलकी, ती सरळ स्लॅबला जाते, खाट गारच राहते. चांगल्या हीटरचं तोंड खाली, पायांच्या उंचीला असतं.

मग आईच्या खोलीचा हिशेब मांडला. तो घेण्याआधी मांडायला हवा होता. खोली 12 बाय 14, उंची 10 फूट. बाहेर 8 अंश असताना आत 18 ठेवायचे तर उघड्या स्लॅबमधून साधारण 470 वॅट जातात, विटांच्या दोन बाहेरच्या भिंतींतून 480, फटींतून तासाला एकदा हवा बदलते असं धरलं तरी 150 च्या वर. एकूण 1100 वॅट. नुसत्या स्लॅबचं नुकसानही या डब्याने भरून निघत नाही. खोली फार तर साडेतीन अंशांनी वाढणार. कुणी खोली न मोजता, वर स्लॅब आहे की मजला हे न विचारता हीटर देत असेल तर घेऊ नका.

आता तक्रारीचं ऐका. बिलावरचा नंबर दोन दिवस “मीटिंगमध्ये आहे सर” सांगत होता, मग बंद झाला. मंगल कार्यालयात गेलो, गाळा कुणी भाड्याने घेतला होता विचारलं, तर व्यवस्थापक म्हणाला की ती आमची खाजगी माहिती आहे, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदार म्हणाले, “वस्तू मिळाली ना? चालू होते ना? मग फसवणूक कसली, हे दिवाणी आहे.” मी त्यांना ज्यूलचा नियम, म्हणजे विजेतून किती उष्णता मिळते ते, समजावून सांगत होतो आणि ते फोनवर दुसऱ्याशी बोलत होते. वर म्हणाले, “मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच असं केलं तर कसं?” हे ऐकून घ्यायला मी दीड तास बाकावर बसलो होतो. अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोचेसाठी तीन चकरा मारल्या, चौथ्या वेळी साहेब बंदोबस्ताला गेले होते. बँकेत गेलो. पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या संमतीने झाला, आम्ही काही करू शकत नाही. मी त्यांना एवढंच म्हणालो की समोरच्याचं खातं तुमच्याच बँकेत आहे, त्याचे पैसे निदान थांबवा. त्यासाठी म्हणे पोलिसांचं पत्र लागतं. म्हणजे मंगल कार्यालयाला पोलिसांचं पत्र हवं, बँकेला पोलिसांचं पत्र हवं आणि पोलिसांच्या लेखी गुन्हाच नाही. मी 68 वर्षांचा माणूस थंडीत एसटीने फिरतोय आणि प्रत्येक खुर्चीवरचा माणूस पुढची खुर्ची दाखवतोय! ज्याने लुबाडलं त्याने निदान “सर” म्हणून लुबाडलं. या लोकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. वकील लागत नाही, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. यंत्र उघडण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा. मी स्क्रू काढल्यावर फोटो काढले, त्यावर समोरचा बोट ठेवणार हे मला आत्ताच दिसतंय. ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915. पैसे ऑनलाईन गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला त्याच दिवशी फोन करा, माझा पहिला महिना चकरा मारण्यात गेला. आणि रूम हीटरवर आयएसआय चिन्ह असतं, त्याच्याजवळ सीएम/एल ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. माझ्या डब्यावर चिन्ह छापलेलं होतं, क्रमांक नव्हता.

आईच्या खोलीत आता 2,150 रुपयांचा साधा फॅन हीटर आहे, 1000 आणि 2000 वॅटचा, पडला तर आपोआप बंद होणारा. वायरमनकडून जाड वायर ओढून 16 चा सॉकेट बसवून घेतला, त्याचे 1,400. दाराखाली गोणपाटाची गुंडाळी लावली, झोपण्याआधी तासभर तो लावतो आणि झोपताना बंद करतो. झरोका थोडा उघडा ठेवतो. तापमापक 18 दाखवतो. भाऊसाहेबांनी पैसे घेतले, पण पूर्वीसारखे संध्याकाळी ओट्यावर येत नाहीत. मेहुण्यांनी पैसे घेतले नाहीत, “जाऊ द्या” म्हणाले. ते मला जास्त जड गेलं.

परवा शेजारच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोटो पाठवला, “सर, हे घेऊ का?” बॅनरवर कंपनीचं नाव वेगळं आहे. थर्माकोलची केबिन तीच, पांढरा डबा तोच, निळा आकडा तोच. फोटो मोठा करून पाहिला. वायर टेबलावरून खाली गेली आहे आणि टोकाला तोच बारीक पिनांचा प्लग आहे. प्रदर्शन रविवारपर्यंत आहे.