नाशिकमध्ये फो खायचाय? चिकन की व्हेज, बसून की पार्सल

फो म्हणजे व्हिएतनामी नूडल सूप. मंचाव सूपची सवय असेल तर पहिला वाडगा फिका वाटेल, हे आधीच सांगतो. कॉर्नफ्लोअरचा दाटपणा नाही, वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्स नाहीत. नितळ रस्सा आणि त्यात तांदळाच्या चपट्या, मऊ नूडल्स. मिसळीच्या गावात रश्श्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको; इथेही सगळा खेळ त्याचाच. (मूळ उच्चार ‘फऽ’, तोही प्रश्न विचारल्यासारखा आवाज चढवून. पण ऑर्डर देताना ‘फो’च म्हणा, नाहीतर वेटर गोंधळतो.)

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्या जागेत मी आणि वहिनी गेलो होतो. मी चिकन घेतलं, वहिनी शाकाहारी. दोन्ही वाडगे शेजारी शेजारी आले आणि फरक वासातच कळला.

चिकनच्या वाडग्यातून चक्रीफूल, दालचिनी, लवंग. आपल्या काळ्या मसाल्याच्या डब्यातलीच मंडळी, पण अख्खी. कांदा आणि आलं आचेवर काळं पडेपर्यंत भाजायचं, अगदी वाटणासाठी भाजतो तसं. पुढे आपण ते वाटतो, ते लोक उकळून गाळून टाकतात. त्यामुळे चव भाजलेल्या कांद्याची, पण चमच्यात काहीच दिसत नाही. मला हेच आवडतं.

मूळचा फो बीफचा. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रेंच राजवटीत, उत्तर व्हिएतनाममध्ये नामदिन्ह आणि हनोईच्या बाजूला तो रुजला. आपल्याकडे 2015 पासून गोवंश हत्याबंदी, म्हणून नाशिकच्या मेन्यूवर चिकनच भेटणार. ‘मग ते खरं कुठे’ असं म्हणणाऱ्यांसाठी: चिकनचा फोही बंदीतूनच आलाय. 1939 च्या सुमारास हनोईत सोमवारी आणि शुक्रवारी बीफविक्री बंद असायची, तेव्हा फोवाले कोंबडीकडे वळले. त्यामुळे चिकन मागवताना तडजोड केल्यासारखं वाटून घेऊ नका.

व्हेजचं गणित अवघड आहे. हाडं नाहीत म्हटल्यावर अंगचा गोडवा मुळा, गाजर, कोबी आणि मशरूममधून काढावा लागतो, त्याला वेळ द्यावा लागतो. वहिनींच्या वाडग्यात वेळ दिलेला दिसत नव्हता. गरम पाण्यात सोया सॉस आणि वर बेबी कॉर्न. त्यांनी विचारलं, “दादा, यात फिश सॉस नाही ना?” वेटर हसून म्हणाला, “थोडासा असतो मॅडम, फ्लेवरला. बाकी व्हेजच आहे.” वहिनींनी चमचा खाली ठेवला. तेव्हा शाकाहारी असाल तर ऑर्डरच्या आधी दोन प्रश्न: फिश सॉस घालता का, आणि व्हेजचा रस्सा वेगळा शिजवता का? उत्तर देताना तो किचनकडे बघायला लागला तर सरळ स्प्रिंग रोल मागवा, तेही तांदळाच्या कागदातले. पण सोबतच्या वाटीत काय आहे ते विचारूनच बुडवा.

झणझणीतच हवं असेल तर मेन्यूवर गवती चहा आणि लाल तिखटाचा ‘बून’ हा नूडल सूपचा प्रकार आहे का बघा. ती मध्य व्हिएतनाममधल्या हुए शहराकडची चव, नूडल्स गोल. मात्र मूळ कृतीत कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते.

सोबत ताटलीत मोड, लिंबू, मिरची आणि तुळशीच्या जातीची पानं येतात. ही थाटाची ताटली दक्षिण व्हिएतनामची. 1954 च्या व्हिएतनामच्या फाळणीनंतर उत्तरेकडचे लोक तिकडे गेले आणि फोही बदलला. आधी दोन चमचे रस्सा नुसता प्या, मग लिंबू. लाल सॉस वाडग्यात ओतू नका, बशीत घेऊन चिकन त्यात बुडवा. ओतलात की मागवलं काय होतं तेच विसरायला होतं.

पार्सल? एकदाच केलं. इंदिरानगरला पोचेपर्यंत नूडल्सनी सगळा रस्सा पिऊन टाकला होता आणि डब्यात पांढरा गोळा उरला. मागवायचंच तर रस्सा वेगळ्या डब्यात द्यायला सांगा आणि घरी खळखळून उकळून ओता.

पैसे म्हणाल तर एका वाडग्यात अडीच-तीन मिसळी आरामात होतात. वहिनींनी घरी परतताना तेवढाच हिशोब केला आणि म्हणाल्या, “वर रस्सा एक्स्ट्रा फुकट मिळाला असता.”